कानातला पिवळा बिल्ला

विमा विकणारं माणूस दारात दिसलं की लोक आधी आपल्या चपला शोधतात, मागच्या दाराने सटकायला. मला याची सवय होऊन गेली आहे. परभणीत बसस्टँडच्या मागे, मोबाइलच्या दुकानावरच्या मजल्यावर आमची एजन्सी आहे आणि तिथे मी कैक वर्षं विमा विकते. माणसाचा, मोटारसायकलचा, ट्रॅक्टरचा, दुकानाचा, दवाखान्याचा, म्हशीचा. एकाच टेबलावर बसून सकाळी कुणाच्या ट्रकने पेट घेतला तर काय, ते सांगायचं आणि दुपारी कुणाची गाय गेली तर काय, ते. दिवसभर अशुभ बोलायचं आणि तेही हसतमुखाने, असा हा धंदा.

आमचे सर, म्हणजे एजन्सीचे मालक, यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं की मरण हा शब्द तोंडातून काढायचा नाही. 'काही बरंवाईट झालं तर' असं म्हणायचं. मी आधी शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे शब्दावर अडण्याची खोड जुनीच. त्यात बरं काय व्हायचंय, असं मी विचारलं. क्लेम मिळतो ते बरं, सर म्हणाले, आणि फाइलीत डोकं घातलं.

गिऱ्हाइकांचे नमुने काय सांगावेत. मोटारसायकलवाला येतो तो उभ्याउभ्याच म्हणतो, पोलिसांपुरता द्या. दवाखान्याच्या विम्याचं काढलं की आमच्या घरात कुणी आजारीच पडत नाही म्हणतात आणि लगेच खोकतात. आयुष्याच्या विम्याचं बोलणं पुरुषाशी होतं, पण निर्णय दाराआड उभ्या असलेल्या बाईचा असतो. चहा दुसऱ्यांदा आला की समजायचं, काम झालं. हे सगळं मला पाठ झालं होतं. माणसं आपल्याला कळली, असं मी अगदी मान डुलवून सांगायचे. मग आबा भेटले आणि तो माज उतरला.

जनावरांचा विमा आमच्यात कुणाला नको असतो. कमिशन चिमूटभर, आणि गोठ्यात पाय भरतात ते वेगळंच. माझं लहानपण सेलूचं, घरी गाई होत्या, म्हणून ती सगळी कामं माझ्या गळ्यात. आबांचा मुलगा पुण्यात कंपनीत होता. त्याच्या गाडीचा विमा आमच्याकडूनच उतरवलेला. त्याने फोन केला, की घरी वडिलांची बैलजोडी आहे, वडिलांचं वय झालंय, त्यांचा जीव त्या बैलांत अडकलेला, तेव्हा जोडीचा विमा तुम्हीच जाऊन करून टाका. ते विचारलं तर नको म्हणतील, त्यांना फार विचारत बसू नका, हेही त्यानेच सांगितलं. हप्ता तो भरणार होता.

गाव देवगाव फाट्याच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून जरा आत. मी स्कूटीवर गेले, मागे जनावरांचे डॉक्टर त्यांच्या मोटारसायकलवर. दारात जोडी उभी होती आणि मी स्कूटीवरून उतरायचं विसरले. लाल कंधारी. गडद, तांबड्या मातीच्या रंगाचे, अंगावर कुठे पांढरा ठिपका नाही. दोघांनी एकदमच माझ्याकडे मान वळवली. जनावरं मी जन्मापासून बघितली आहेत, पण त्या दिवशी वाटलं, आपण कुणाच्यातरी घरी आलो आहोत आणि घरचे मोठे लोक अंगणातच उभे आहेत. मी नकळत पदर सारखा केला.

जनावराचा विमा म्हणजे कानात बिल्ला. पिवळ्या प्लॅस्टिकचा, नंबर घातलेला, पकडीने कानात बसवायचा. पुढे काही झालं तर तो बिल्ला हीच त्याची ओळख. डॉक्टर पकड पुसत होते आणि आबा बैलाचं डोकं छातीशी धरून उभे होते. हे कशाचं, त्यांनी मला विचारलं. खेड्यात गेलं की माझी जीभ आपोआप खेड्याची होते. आमच्याकडे विम्याला कुणी विमा म्हणत नाही, इमा म्हणतात. मी तसंच सांगितलं.

"आबा, ह्यो इमा हाय. तुमच्या बैलाचा इमा."

त्यांनी तो शब्द माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतला. मग कुणाजवळ, असं विचारलं. आमच्याजवळ, मी हाय ना, मी म्हणाले. आबांनी टोपी काढली. बिल्ला बसला, बैलाने कान झटकला, आणि आबांनी त्याच्या कपाळावर पालथा हात ठेवून म्हटलं, "दिलं." दुसऱ्या बैलाला बिल्ला बसल्यावर पुन्हा तसंच. "दिलं."

मला हसू आलं. विमा काढतात, उतरवतात, देतं कोण? आणि द्यायचाच तर 'दिला' म्हणावं, 'दिलं' कसं? म्हातारपणी जीभ घसरते, मी मनाशी म्हटलं. निघताना आपलं नेहमीचं वाक्य टाकलं, की आता बिनघोर झोपा. आता कशाची झोप, माय, असं आबा म्हणाले. ती थट्टा समजून मी स्कूटीला किक मारली.

पुढे सेलूकडे जाणं झालं की मी त्यांच्या दारात थांबायचे. आजी ताक द्यायच्या आणि गाऱ्हाणं सांगायच्या. कानात बिल्ला आल्यापासून हे बाजेवर पडत नाहीत, गोठ्यातच अंथरूण घालतात. आधी शेजाऱ्यापाजाऱ्याला गाडीला जोडी द्यायचे, आता कुणाला हात लावू देत नाहीत. मुलाचाही फोन यायचा. नातवाच्या बारशाला पुण्याला आले नाहीत, बैलांचं कारण सांगितलं. विमा आहे म्हटलं तर उलट जास्तच अडून बसतात, म्हणाले की म्हणूनच तर येता येत नाही. आम्ही दोघं फोनवर हसलो होतो. म्हातारी माणसं हट्टी असतात, यावर आमचं एकमत झालं.

मग त्या उन्हाळ्याच्या अखेरीची एक सकाळ. ऑफिस नुकतंच उघडलं होतं, पंखा गरम वारा फेकत होता. आबा जिना चढून आले. धुतलेलं धोतर, नवं उपरणं. लग्नाला आल्यासारखे दिसत होते, फक्त चेहरा तसा नव्हता. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. पाणी दिलं, प्यायले नाहीत. बंडीच्या खिशातून फडक्याची गाठ काढली, टेबलावर सोडली. आत पिवळा बिल्ला होता, घासून लख्ख धुतलेला.

आबांनी मला हात जोडले. त्यांच्या नातीच्या नाही तरी लेकीच्या वयाची मी, आणि ते माझ्यापुढे हात जोडून उभे.

"माय, मपल्याच्यानं इमान राखनं झालं न्हाई," ते म्हणाले. "एक गेला. पोट फुगलं, लय केलं, न्हाई ऱ्हायला. दुसरा हाय, त्यो तुमी घिऊन जा. दंड आसंल तर तेबी सांगा. पर बेइमान म्हनू नका."

पहिल्यांदा मला काही उमगलंच नाही. मग ते 'दिलं' माझ्या कानात पुन्हा वाजलं. इमा हा शब्द त्या माणसाने आयुष्यात कधी ऐकलाच नव्हता. त्याने जो शब्द जन्मभर ऐकला, बोलला, पाळला, तोच ऐकला. इमान. हे बैल आजपासून तुमच्या इमानावर आहेत, यांना काही होऊ द्यायचं नाही, असं एक बाई शहरातून येऊन सांगून गेली आणि त्याने कपाळावर हात ठेवून ते दिलं. इमान दिलं. जीभ कुठेच घसरली नव्हती. बाजेवर न झोपणं, जोडी उसनी न देणं, नातवाच्या बारशाला न जाणं, सगळं एका रांगेत माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. काळजी उतरवतो म्हणून आम्ही जी गोष्ट विकतो, ती या माणसाने काळजी म्हणून उचलली होती, आणि ती वाहूनही नेली होती.

कंपनीच्या साहेबांखेरीज कुणासाठी खुर्ची न सोडणारे आमचे सर उठून उभे होते.

मला भरून आलं की आधी राग येतो, हा माझा जुना स्वभाव. बैल कुठे आहे, मी विचारलं. काल संध्याकाळी बांधावर मातीआड केला, आबा म्हणाले. कुणाला विचारून पुरला, असं मी जवळजवळ ओरडलेच. मग सरांनी मला बसवलं आणि मीच पुन्हा उठून आबांना सगळं पहिल्यापासून समजावलं. दंड नाही. तुम्हाला काही द्यायचं नाही, उलट कंपनीच तुम्हाला देणार, दुसरा बैल घेता येईल एवढं. पण त्यासाठी डॉक्टरांनी बैल बघायला हवा, चिरफाड व्हायला हवी, फोटो निघायला हवेत. आबा इतका वेळ उभे होते ते आता बसले.

"मेल्याचे पैशे?" त्यांनी विचारलं.

सरांनी कंपनीत फोन लावला. आधी कळवायला हवं होतं, असं पलीकडून उत्तर आलं. तरी आजच्या आज बैल वर काढून तपासणी झाली तर विचार करू, नाहीतर नाही. मुलाला फोन केला. त्याचा आवाज बसला होता, पण तो म्हणाला, उकरा. पाऊस तोंडावर आला होता. एका बैलावर काळ्या जमिनीत पेरा होत नाही आणि दुसरा बैल आबांच्या ऐपतीत बसणारा नव्हता. तो मिळण्याची वाट आता त्या खड्ड्यातूनच जात होती. सरांनी गाडी काढली. आबा पुढे बसले. सेलू मागे पडलं, गाडी गावाकडे आत वळली.

बांधावरच्या लिंबाखाली ताजी काळी माती उंच दिसत होती. वर हळदकुंकू, फोडलेला नारळ, नवी कोरी वेसण. राहिलेला बैल तिथेच बांधला होता, मातीकडे तोंड करून. आजी त्याच्याजवळ बसल्या होत्या. डॉक्टर गमबूट घालून तयार, सारखे आभाळाकडे आणि घड्याळाकडे बघत होते, कारण त्या उन्हात प्रत्येक तास मोलाचा. शेजारचे चौघे फावडी घेऊन आले होते.

आबा आडवे आले. मातीआड केलेल्याला उकरायचं नाही, म्हणाले. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. सर बोलले, डॉक्टर बोलले, शेजारी बोलले. मुलगा फोनवरून सगळ्यांना ऐकू जाईल असा विनवत होता. पेरणी कशी करणार, त्याने विचारलं. हातानं टोकनीन, आबा म्हणाले. एवढं मोठं रान हाताने दाणा दाणा टोकायचं, या वयात, आणि ते हे असं सांगत होते जणू भाजी चिरायची आहे.

मला पुन्हा राग आला, म्हणून मी लांब बांधाच्या टोकाला जाऊन उभी राहिले. तिथून ते सगळं दिसत होतं. माती, बैल, आजी, आणि तो वाळलेला उंच माणूस. मी एवढी वर्षं लोकांना मनवत आले. मनवायची पंचवीस वाक्यं माझ्या जिभेवर असतात. त्यातलं एकही त्या माणसापुढे ठेवण्याच्या लायकीचं नाही, एवढं मात्र मला तिथे लख्ख कळलं. मी परत आले ती काहीही न ठरवता.

"आबा, तुमचं इमान तुमी राखलं," मी म्हणाले. "पर म्या बी दिलं होतं की. तुमच्या बैलाचं बरंवाईट झालं तर दुसरा उभा करायचा, हे म्या दिलं होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुमी?"

"व्हय."

"अन् ह्ये उकरलं न्हाई तर?"

"तर माझं इमान जाईल."

ही विक्रीतली चलाखी होती का, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. नव्हती. बोलता बोलता मलाच कळलं की हे खरं आहे. त्या पॉलिसीच्या कागदावर खालच्या बाजूला माझी सही होती, अशा शेकडो सह्या मी केल्या आहेत, आणि त्या सहीचा अर्थ मला पहिल्यांदा त्या बांधावर समजला. समजला तो ज्याला इमा हा शब्दही ठाऊक नव्हता त्याच्यामुळे.

आबा खाली बसले. ढेकूळ हातात घेतलं, बोटांनी फोडत राहिले. कुणी घाई केली नाही, डॉक्टरांनीही नाही. मग ते उठले, एका शेजाऱ्याच्या हातातून फावडं घेतलं आणि बाकीच्यांना हातानेच मागे सारलं. मातीला कपाळ टेकवलं.

"ऊठ राजा," ते म्हणाले. "लेकीचं इमान राखायचंय."

मी बऱ्याच मोठ्या गोष्टी बघितल्या नाहीत. समुद्र एकदा बघितला, विमान लांबून. पण मोठं म्हणजे काय, ते विचारलं तर मी तो म्हातारा सांगेन. त्याला पैसे नको होते. बैलही त्या क्षणी नको होता. परक्या बाईचं इमान राहावं म्हणून तो आपल्या हाताने आपलंच दुःख उकरत होता. मला तिथे उभं राहायचीसुद्धा लाज वाटली आणि तिथून हलावंसंही वाटेना. सर टोपी घालत नाहीत, पण त्यांचा हात उगाच डोक्याकडे गेला.

अंगाजवळ आल्यावर आबांनी फावडं टाकलं आणि हाताने माती काढली, लागू नये म्हणून. खाली पांढरं कापड होतं, त्यावर मीठ. बैलाला गोठ्यात बसतो तसं बसवलं होतं, घराकडे तोंड करून. इतका वेळ घाईला आलेले डॉक्टर खड्ड्याच्या काठावर थांबले, गमबूट काढून बाजूला ठेवले आणि अनवाणी आत उतरले. पुढचं काम त्यांनी हळू केलं. कानातलं बिल्ल्याचं भोक, शिंगांची ठेवण, आमच्याकडच्या फोटोशी ताडून बघितली. आबा शेवटपर्यंत त्याचं डोकं धरून होते, पहिल्या दिवशी धरलं होतं तसंच. मग त्यांनीच पुन्हा माती लोटली आणि आजींनी नवं कुंकू वाहिलं.

परतीच्या वाटेवर सरांनी सेलूला चहासाठी गाडी थांबवली आणि दोघांचा चहा तसाच निवला. यापुढे बरंवाईट म्हणू नका, ते एकदम म्हणाले, सरळ काय ते सांगा लोकांना. मी मान हलवली. पण अजून माझ्या तोंडून बरंवाईटच निघतं, सवय जात नाही.

कंपनीने तिच्या चालीने वेळ घेतला. त्या पावसाळ्यात आबांचा बैल आणि शेजाऱ्याचा बैल असे सावडीने जुंपले गेले, आधी याचं रान, मग त्याचं. मी दर आठवड्याला कंपनीत फोन करायचे आणि पलीकडचा साहेब माझा आवाज ओळखून दमलेल्या सुरात बोलायचा. एका क्लेमसाठी एवढं काय बाई, त्याने एकदा विचारलं. माझं इमान अडकलंय, असं सांगितलं असतं तर त्याला कळलं नसतं, म्हणून पेंडिंग आहे एवढंच म्हणाले. दसरा झाल्यावर क्लेम मंजूर झाला. मी ऑफिसात पेढे वाटले तर सगळ्यांना वाटलं, माझ्या मुलीचं लग्न ठरलं.

नवा बैल आला तेव्हा ज्वारीची पेरणी तोंडावर होती. हाही लाल, पण कोवळा, अंगणात अजून बिचकणारा. तेच डॉक्टर, तीच पकड. या वेळी मी विमा हा शब्द नीट फोड करून सांगितला. काय मिळतं, कधी मिळतं, काय झालं तर आधी कुणाला फोन करायचा, सगळं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. कळलं ना, मी विचारलं. कळलं, म्हणाले.

बिल्ला बसला. बैलाने कान झटकला. आबांनी टोपी काढली, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "दिलं."

मग हात काढून ते बाजूला सरकले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. डॉक्टरही थांबले, आजीही. बैलापुढे जागा मोकळी होती. मला कळायला जरा वेळ लागला की आता पाळी माझी आहे.

मी पुढे झाले. त्याचं कपाळ ऊन लागून गरम झालं होतं. त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दिलं."